हात? न्हाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आता सांगायला बसलोय, तरी आधी कॉम्प्रेसरचंच सांगणार बघा. मूळ गोष्टीला हात घालायचा धीर होत नाही.

सत्तरच्या दशकात भिवंडीतल्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात मी फिटर होतो. जोडीला शेलार गावचा धर्मा, माझ्याच वयाचा. तिथला अवजड कॉम्प्रेसर मोटरवरून चेननं चालायचा. चेन सैल पडली की मोटर मागे सरकवायची, चेन अंगठ्यानं दाबून बघायची, मोटर जराशी फिरवायची, पुन्हा दाबायची. दाबायचं काम धर्माचं, बटण माझ्याकडे. मध्ये मशीन, त्यामुळे त्याचे हात मला दिसायचे नाहीत. म्हणून आमची रीत — मी ओरडायचं, "हात?" तो म्हणायचा, "न्हाय." मगच बटण.

त्याच्या त्या 'न्हाय'ची पहिली थट्टा मीच केली. मग रंगखात्यातल्या यूपीवाल्यांनी ती उचलली. येता-जाता एक म्हणायचा, "हात?" आणि बाकीचे सुरात, "न्हाय." धर्मा हसायचा. मला मात्र लाज वाटायची. एवढ्याशा गोष्टीची लाज वाटावी? पण वाटायची खरी.

त्या दिवशी ते सगळे बाहेर नळावर हात धूत होते. चेन एका जागी घट्ट, दुसरीकडे सैल. धर्माचं समाधान होईना आणि मी वैतागलेलो. मी बटण दाबलं.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चेन आणि चाकाच्या दात्यांमध्ये गेली.

कारखान्याचे शेठ धावत आले. विचारलं होतंस का, म्हणाले. मी म्हणालो — हो, तो 'न्हाय' म्हणाला. धर्मा शुद्धीत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "बोललू आसंन, शेठ. तोंडाला सवय हाय."

मी विचारलंच नव्हतं. नळावरच्यांना थट्टेला आयतं निमित्त नको, म्हणून गप्प राहून बटण दाबलं होतं. हेच सांगायचं होतं.

पण एवढंच असतं तर कदाचित घाबरलो होतो म्हणून सुटलो असतो. धर्माचं काम गेलं. तो शेतावर राबू लागला, डाव्या हातानं विळा धरायला शिकला. मी अधूनमधून शेलारला जायचो, त्याच्याकडची भाकरी खायचो. आता तो नाही. एकदा ओट्यावर आम्ही दोघंच होतो, तेव्हा त्यानं विचारलं, "मला काय आठवत न्हाय रं. मी खरंच न्हाय बोललू?"

कुणी ऐकायला नव्हतं. शेठ नव्हते, नोकरी जायची भीती नव्हती. मी म्हणालो, "बोललास."

त्यानं हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "मंग चुकी माजीच. तुज्या जिवाला उगा घोर लावला. माफ कर."

मी म्हणालो, "जाऊ दे."