हिरडीतली गाठ

हे लिहायचे मी आजवर टाळले. बायकोलाही कधी सांगितले नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षे. वडील मुंबईला गिरणीत, रत्नागिरीच्या घरी आई, मी आणि धाकटी बहीण. बहिणीचा वरचा पुढचा दुधाचा दात पडला, पण त्या जागी नवा येईचना. शाळेत मुली तिला "बोळकी आजी" म्हणायच्या. आई तिच्यावरच चिडायची. "शेणात घालून कौलांवर टाक म्हटलं होतं, तुझा नेम चुकला असणार. आता बस तशीच!"

शेवटी मी तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेले. हिरडी चाचपून त्यांनी तिला बाहेर बसवले. मला म्हणाले, "आत गाठ असावी. साधी असते, जिवाला धोका नाही. पण तिच्यामुळे दात अडलाय. मुंबईला नेऊन एक्स-रे काढा. वेळेत गाठ काढली तर दात आपसूक उतरेल."

तेव्हा माझे लग्न ठरत होते. घरात गाठ निघाली म्हटल्यावर ती साधी की वाईट, हे मुलीकडच्यांनी विचारलेच नसते. घरी येऊन मी म्हणालो, "दात उशिरा येईल म्हणतात."

लग्न झाले. मग पावसाळ्यात बोटी बंद. पुढे खोटे बोललो हे सांगायला तोंड राहिले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात छप्पर शाकारायला काढले. मी वरून कौले उतरवत होतो. बहीण शिडीवर चढून वाशांच्या सांदीत बोटे घालत होती.

"काय शोधतेस गो?" आईने खालून विचारले.

"माझा दात. या वेळी नीट टाकते."

तिच्या नखांतून रक्त येत होते. "दादा, तुला दिसला तर दे हां," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणालो, आणि पुढचे कौल उचलले.

हिरडी दुखायला लागली तेव्हा कुठे तिला मुंबईला नेले. गाठीतून दातासारखे बारीक खडे निघाले. खरा दात वर हाडातच आडवा रुतला होता. "फार उशीर केलात," तिथले डॉक्टर म्हणाले.

परतताना बोटीवर तिने विचारले, "दादा, मला पाहायला येतील तेव्हा तोंड मिटूनच बसू ना?"

तुझी काही चूक नव्हती, मला सगळे ठाऊक होते, मला माफ कर, एवढेच म्हणायचे होते.

"वारा लागेल," मी म्हणालो, "आत बस."