चौथी ओळ

यासीनभाऊ कागदावरचं नाव कधी कोरत नसत. विहाराची कोनशिला असो की कब्रस्तानातला दगड, गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करायचं आणि हे ती न वाचताच बाजूला ठेवायचे. "चिठ्ठी राहू द्या. हे नाव ज्यानं घरात रोज हाका मारून घेतलं, त्याच्या तोंडून ऐकवा मले." मग डोळे मिटून ऐकायचे, गेरूच्या खड्यानं दगडावर लिहायचे आणि त्यानंतरच छिन्नीला हात लावायचे. वडशात त्यांना सगळे विक्षिप्त म्हणत. मीही म्हणायची. मी शाळेतली बाई, माझा कागदावर फार भरवसा.

गावातल्या शहीद जवानांचं स्मारक करायचं ठरलं तेव्हा समितीची चिटणीस मी झाले आणि दगडाचं काम यासीनभाऊंकडे गेलं. समितीत प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं स्मारक. एकाला सिमेंटची तोफ हवी, दुसऱ्याला पंख पसरलेला गरुड. यासीनभाऊ कोपऱ्यात बसून ऐकत होते.

"तोफ कायले?" ते एकदम म्हणाले. "ज्याईले तोफेनं नेलं, त्याईच्याच उरावर तोफ बसवता?"

मग त्यांनी फरशीवर खडूनं आकृती काढली. दोन पायऱ्या, एकच काळा दगड, आणि नावं इतकी खाली की ठेंगण्या बाईचाही हात पोचावा.

"एवढी खाली काऊन?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेब लोक येतेत, सलाम करून जातेत. हात लावाले मायच येते."

तेच ठरलं.

माझ्या यादीत सात नावं होती. त्यांनी मला सातही घरी फिरवलं. एका घरी जवानाची विधवा होती. तिनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, आमच्याकडे बायका घेत नाहीत. यासीनभाऊ अंगणात तासभर बसून राहिले, घाई नाही की आग्रह नाही. शेवटी ती बाई भिंतीकडे तोंड करून नाव बोलली आणि स्वतःच दचकली. मीही हादरले. यासीनभाऊंनी मान खाली घातली होती.

चौथं घर शेवंताबाईंचं. त्यांचा मुलगा विलास सीमेवर बर्फाखाली गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. देह मिळाला नाही. पलटणीचं पत्र तेवढं आलं. बाईंनी आम्हाला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"तो मेला नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "सापडला नाई. दोनात फरक हाय का नाई?"

"हाय," यासीनभाऊ म्हणाले आणि गेरूचा खडा त्यांनी परत खिशात टाकला.

रस्त्यात मी भांडले. "भाऊ, सरकारी पत्र आहे माझ्याकडे!"

"पत्र हाय, बाई. नाव कुठी हाय?"

सातही नावं कोरलीच पाहिजेत, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मी ते हो समजले.

अनावरणाच्या दिवशी पाहुण्यांनी पडदा ओढला. तीन नावं, मग एक कोरी, घासून आरशासारखी केलेली ओळ, मग पुन्हा तीन नावं. पाहुणे वाचता वाचता थबकले. अध्यक्ष माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच छिन्नी लपवून ठेवली होती. "म्हातारा विसरला का जी?" मागून कोणीतरी बोललं. यासीनभाऊ टोपी सारखी करत उभे होते.

तेवढ्यात शेवंताबाई पुढे आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कोरी ओळ त्यांनी बरोबर ओळखली. झोपलेल्या लेकराचं तोंड पुसावं तसा त्यांनी त्या ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला आणि घरी गेल्या. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. चंद्रपूरहून दुसरा कारागीर बोलावून ओळ भरून घ्या, असा समितीनं ठराव केला. ते पत्र मी लिहिलं आणि टपालात टाकलंच नाही. ते अजून माझ्या कपाटात आहे.

पुढच्या हिवाळ्यात यासीनभाऊ गेले. सकाळी दुकानात काम करता करता बसल्या जागी कलंडले, हातात हातोडी तशीच. आदल्या संध्याकाळी मला त्यांनी रस्त्यावरून हाक मारली होती. खबर ऐकून मी आणणाऱ्यालाच रागावले, काहीतरी काय बोलतोस म्हणून.

तिसऱ्या दिवशी मी यासीनभाऊंच्या बायकोला, भाभींना, भेटायला गेले. त्या दुकानात छिन्न्या कापडात गुंडाळत होत्या. इतक्यात दारात शेवंताबाई आल्या. धापा टाकत होत्या; बाहेरगावाहून थेट आल्या होत्या, खबर त्यांना नव्हती.

"यासीनभाऊले बोलवा. मी विलासचं नाव सांगाले आली."

भाऊ गेल्याचं मीच सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या, भाऊंच्या रिकाम्या पाटाकडे पाहत राहिल्या. मग एकाएकी विचारलं, "यासीनभाऊच्या दगडावर त्याचं नाव कोन कोरनार? अन् ते सांगनार कोन?"

हे आमच्या कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

"त्याची माय तं नाई, बायको नाव घेत नाई," शेवंताबाई म्हणाल्या. "मीच घेतो." आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली, "यासीन!"

जरा थांबून त्याच आवाजात, "विलास!"

पाटाजवळ गेरूचा खडा पडला होता. तो मी उचलला, पण दोन्हींपैकी एकही नाव माझ्याच्यानं लिहवलं नाही.