लागणीची तारीख

"बोलत काय न्हाय ती, पण मशीनला बरोबर फसवती की," पार्टिशनच्या पलीकडं शेतकी विभागाचे क्लार्क कुणाला तरी सांगत होते.

फसवणं हेच माझं काम होतं. साखर कारखान्यात कॉम्प्युटर नवा होता. ऊसनोंदीचा प्रोग्रॅम कितपत भरवशाचा आहे हे पाहायला साहेबांनी मला मुद्दाम दहा चुका घालायला सांगितल्या होत्या. क्लार्कच्या वहीतून भरलेल्या नोंदींत मी कुठं गट नंबर मोडला, कुठं क्षेत्र शून्य केलं. एका शेताची लागणीची तारीख वर्षभर पुढं ढकलली. म्हणजे ऊस अजून लावायचाच होता. प्रोग्रॅमनं दहाही नोंदी नाकारायला हव्या होत्या.

छापून आलेल्या कागदावर नऊच होत्या. मी तीनदा मोजल्या.

तेवढ्यात साहेब संचालकांना घेऊन आत आले. "बघा, एकही चूक सुटत नाही."

मोठ्यांचं बोलणं मधेच तोडायचं नाही, हे कॉन्व्हेंटनं अंगात मुरवलेलं. मी कागदाची घडी घातली. दुसऱ्या दिवशी त्याच नोंदींवर खरं काम सुरू झालं. परत आलेल्या नऊ मी दुरुस्त केल्या. मशीननं बरोबर धरलेल्या दहावीला हात लावायचा तर साहेबांना विचारावं लागणार होतं. उद्या विचारू, असं मी रोज ठरवत राहिले.

फेब्रुवारीत एक शेतकरी आला. तोडीची यादी लागणीच्या तारखेवरून लागते. शेजाऱ्यांचा ऊस कधीच गेला, याचा नंबरच येईना. तुरा आलेला ऊस त्यानं टेबलावर मोडून दाखवला. आत रस नाही, नुसता भेंड.

"दीड वरीस राखला ओ. आता काय, जाळू?"

साहेबांनी क्लार्कना बोलावलं. "मशीन चुकत नाही. तारीख तुम्ही चुकीची दिलीत."

"वही बघा की सायेब."

"वही मागाहूनही लिहिता येते. राजीनामा द्या, नाहीतर मला काढावं लागेल."

क्लार्कचा पांढरा सदरा काखेत भिजला होता. मग ते माझ्याकडं वळले. "ह्या बाईंस्नी इचारा. मशीन त्यास्नी ठावं हाय."

साहेब म्हणाले, "सांगा."

"तारीख मी बदलली होती, सर. तुम्ही चुका घालायला सांगितल्या होत्या, त्यातली ती एक. मशीननं ती पकडली नाही, हे मला त्याच दिवशी कळलं होतं."