सलाफहादाच्या लेकी आणि आमचं ओढ्याकाठचं रान

गावातून निघाले त्या दिवशी आबा मला सोडायला फाट्यापर्यंत आले होते. बॅग मिलिंदनं, माझ्या चुलतभावानं, मोटारसायकलवर पुढं नेली होती. तरी आबा हातात पिशवी घेऊन चालतच आले. पिशवीत अक्कानं केलेल्या ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. उमरग्याकडं जाणारी एसटी लांबून दिसली आणि मला हुंदका फुटला. रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं हे आबांना कधीच कळायचं नाही. ते ओढ्याकडं बघत म्हणाले, "जा. रान कुठं जात न्हाय."

मी मनात म्हटलं, लेक चालली साता समुद्रापलीकडं आणि ह्यांना रानाचं पडलंय!

हैदराबादच्या विमानतळावर तपासणाऱ्यानं त्या भाकऱ्या बोटानं वाजवून बघितल्या आणि माझ्याकडं बघितलं. मी एक मोडून खाऊन दाखवली, तेव्हा त्याची खात्री पटली. अशी मी इस्रायलला आले. उमरग्याच्या दवाखान्यात नर्स होते, इंग्रजी बेताचं, हिब्रूचा तर गंधही नाही. तरी मला निवडलं ते केवळ मराठी येते म्हणून. अश्दोद नावाच्या गावात एक म्हातारी होती, अलिबागकडची. तिचे आईबाप तिथले तेलाचा घाणा चालवणारे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. ती तरुणपणी इकडं आली, पन्नास-साठ वर्षं हिब्रू बोलली आणि म्हातारपणी पडून डोक्याला मार लागल्यावर हिब्रू बोलणं विसरून पुन्हा मराठीवर आली. तिच्या मुलांना ती काय मागतेय तेच कळेना. आई पाणी मागायची आणि मुलं डॉक्टरला फोन लावायची.

मी पहिल्या दिवशी "आजी, काय हवंय तुम्हाला?" एवढंच म्हणाले. रिबकाआजींनी माझा हात धरला तो दोन तास सोडला नाही. "कुठली गो तू?" "धाराशिवकडची, मुरुमजवळची." "म्हंजे घाटावरची! मंग भाकरी जाड करशील," म्हणाल्या आणि हसल्या. आमची सोयरीकच जुळली.

आता माझी बोलीही विचित्र झाली आहे. शुक्रवारी संध्याकाळी "शब्बाथ शालोम", शनिवारी गॅस पेटवायचा नाही, फोन आजींसमोर काढायचा नाही, आणि पाय दुखले की तोंडातून "आई गं" च येतं. तुमच्यातल्या ज्या गेल्या आहेत, दुबईला, मस्कतला, पुण्याला का होईना, त्यांना हे सांगायला नको. पोट नव्या गावाचं होतं, कळवळा जुन्याच गावाचा राहतो.

पहिलं वर्ष सरायच्या आत आबा गेले. आई तर आधीच गेली होती. रजा मिळेपर्यंत सगळं उरकलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मी फोनवर बघितला. पंचशील घेताना माझा आवाज एक शब्द मागं पडत होता. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं. आणि आबांचं ते शेवटचं वाक्य आठवून चीडही आली. रान कुठं जात न्हाय, पण माणूस जातो की.

मग रानाचाच विषय निघाला. ओढ्याकाठचं तीन एकर. पणजोबांना गावकीच्या कामापोटी मिळालेलं वतनाचं रान. धर्मांतरानंतर गावकीचं काम सुटलं, रान राहिलं. आबांना आम्ही दोघी लेकीच. मोठी अक्का, तिला दिलंय सीमेपलीकडं कर्नाटकात, आणि धाकटी मी, तिशी उलटली तरी लग्न न केलेली. आबांचे गुडघे गेल्यापासून रान मिलिंद कसत होता, आणि मनापासून कसत होता, हे नाकारून चालणार नाही.

मिलिंदचे वडील म्हणजे आमचे तात्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. त्यांनी अक्काला निरोप धाडला की पंचमीला माहेरी याल तेव्हा हक्कसोड करून टाका. आमच्या भागात ही रीतच आहे. लेकींनी सही करून वाटा सोडायचा, भावानं साडीचोळी करायची आणि माहेरचं दार उघडं ठेवायचं. कायदा लेकीच्या बाजूचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कायद्यानं वाटा मिळतो, पंचमीचं बोलावणं मिळत नाही. सख्खा भाऊ नाही, तर चुलता हेच माहेर. सही केली तर माझं गावात काही उरत नव्हतं. नाही केली तर गावात कुणी उरत नव्हतं. माझा इथला परवाना काही जन्माचा नाही. कधीतरी बॅग घेऊन त्या फाट्यावर उतरायचंच आहे. उतरून जायचं कुठं, एवढाच माझा प्रश्न होता.

इथं जमीन हा शब्द किती रक्तानं भिजलाय ते रोज बातम्यांत दिसतं. सायरन झाला की आजींना हाताला धरून आसऱ्याच्या खोलीत नेते. त्या सगळ्याचा न्याय करण्याएवढी माझी अक्कल नाही. मी सांगतेय ती आमच्या तीन एकरांची गोष्ट.

आजींच्या तोंडून हिब्रू गेलं तरी कानाला कळतं. त्या दर शनिवारी तोरातला, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथातला, त्या आठवड्याचा भाग नातवाकडून वाचून घेतात आणि नंतर मला मराठीत सांगतात. त्या शनिवारी गोष्ट निघाली सलाफहादाच्या पाच लेकींची. मोशे म्हणजे त्यांना गुलामीतून बाहेर काढणारा पुढारी. त्याच्या काळात देश वंशावंशांत वाटायचा होता, चिठ्ठ्या टाकून. आमच्याकडं भाऊ वाटण्या करतात तशाच. बाप मेलेला, भाऊ नाही. पाचही जणी सगळ्या पुढाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव कुळातून का पुसायचं? आम्हाला वतन द्या. मोशेलाही निवाडा सुचेना. त्यानं देवाला विचारलं. देव म्हणाला, पोरी बरोबर बोलतात. आजींनी पाचही नावं बोटांवर मोजली, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा, आणि म्हणाल्या, "बघ, देवानंसुद्धा आधी ऐकून घेतलंन."

शब्बाथ संपल्यासंपल्या मी अक्काला फोन लावला. मला कधी एकदा सांगीन असं झालं होतं. आणि अक्का म्हणजे अक्का; तिच्या पोटात तीळ भिजत नाही. तिनं तासाभरात तात्यांना फोन करून ऐकवलं, "मोशेच्या देवानं बी लेकींला रान दिलंय, तुमी कोण लागून गेलाव?"

तात्या हाडाचे गुरुजी. त्यांना कुणी अर्धवट संदर्भ दिलेला खपत नाही. मुरुममध्ये त्यांचे एक ख्रिस्ती स्नेही आहेत, जुने सहशिक्षक. ही गोष्ट त्यांच्या बायबलातही आहे. ते आणलं आणि चष्मा लावून वाचत बसले.

पंचमीला अक्का माहेरी आली. तात्यांच्या दिवाणखान्यात भावकी जमली आणि मला फोनवर घेऊन फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. मला तात्या, त्यांच्यामागची भिंत आणि अर्धीअधिक बैठक दिसत होती. 

अक्कानं सुरुवातच भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवून केली. "लेकींच्या हक्कापायी ज्यांनी मंत्रिपदावर पाणी सोडलं, त्यांच्या फोटोखाली बसून साडीचोळीची बात करताव? लाज वाटाया पायजे."  मग तात्यांनी पुस्तक उघडलं. खूण घालून ठेवली होती.

"तुमच्या बहिणीनं अर्धीच गोष्ट सांगितली," ते म्हणाले. "पुढं ऐका. त्या पोरींच्या कुळातली माणसं मोशेकडं गेली. म्हणाली, ह्या दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर वतनही तिकडंच जाईल. मोशेनं त्यांचंही ऐकलं. निवाडा दिला की लग्न करायचं ते आपल्याच वंशात. रान वंशाबाहेर जाता कामा नये." चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडं, म्हणजे फोनकडं बघितलं. "एकीचं रान कर्नाटकात चाललंय. दुसरीचं कुठं जाईल कुणाला ठाऊक. धर्मग्रंथ तुमीच काढलाव, आता माना."

 पुढची गोष्ट आजींनी मला सांगितली नव्हती.

पण मास्तरांना धडा संपवल्याशिवाय राहवत नाही. कुणीतरी विचारलं, "मग केली का लग्नं त्या पोरींनी?" "केली की," तात्या म्हणाले आणि बोट ठेवून खड्या आवाजात वाचू लागले. त्या पाचही जणींनी लग्न केलं ते आपल्या... आणि थांबले. बोट तिथंच. कान लाल झाले.

"आपल्या कुणाशी?" अक्का म्हणाली.

तात्या पुस्तकाकडंच बघत म्हणाले, "चुलतभावांशी."

आमच्याकडं मामेभाऊ, आतेभाऊ चालतो. मामाशीसुद्धा लग्नं लागतात. पण चुलतभाऊ म्हणजे भाऊच, सख्ख्यासारखा. हे नुसतं उच्चारणंसुद्धा पाप. बैठकीत कुणी पदर तोंडाला लावला, कुणी खोकलं. आणि मिलिंद उभाच राहिला. एरवी बापापुढं मान वर न करणारा.

"तात्या, मिटवा ती पोथी. बहीण हाय ती माझी."

"आता कसं!" अक्का म्हणाली. तिनं ती संधी सोडली असती तर ती अक्का कसली. "बहीण म्हणलास न्हवं? मग बहिणीचं रान राखायचं का खायाचं?"

मिलिंद दारापर्यंत जाऊन वळला. मग म्हणाला, "रान दोघींच्या नावावर राहू द्या. मी बटईनं, अर्ध्या वाट्यानं करतो. इकायचं झालं तर पहिलं मला इचारा, एवढंच." एवढं बोलून तो बाहेर गेला.  तात्यांनी पुस्तक कापडात गुंडाळलं. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची दया आली. लबाडी करायची असती तर त्यांनी तो शब्द गिळला असता, नाहीतर आधीच पान उलटून गेले असते. पण त्यांना खोटं वाचता येत नाही. मलाही त्यांनीच वाचायला शिकवलं.

शेवटी तात्याच म्हणाले, "चहा ठेवा. आणि पोरीला सांगा, फोन ठिवू नको, चहा होईस्तोवर बोल म्हणावं." माहेर म्हणजे दुसरं काय असतं हो?

हे सगळं आजींना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की मला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. "तुझ्या तात्यानं अजून पुढं वाचायला हवं होतं," म्हणाल्या. "आमचे पंडित सांगतात, ती अट त्या एका पिढीपुरतीच होती. मंग उठली. कुठल्याबी वंशात लग्न करा म्हनून सांगितलं. तो दिस म्हंजे आमच्या आब महिन्याची पुनव. पोरी पांढरी कापडं घालून मळ्यांत नाचायच्या." त्यांनी दिवस मोजून सांगितला. मी कॅलेंडर बघितलं तर आमची राखीपुनव त्याच दिवशी! आजी म्हणाल्या, त्यात नवल कसलं, चांद एकच आहे.

त्या पुनवेला मी वंदनेची पांढरी साडी नेसले. आजींनी पोह्यांत गूळ आणि नारळ घालून मलिदा करून घेतला, आणि आम्ही दोघी बाल्कनीत बसून तो खाल्ला. खाली अरबी, रशियन, हिब्रू बोलणारी पोरं चेंडू खेळत होती. मी विचारलं, "आजी, इकडं येताना तुमचा अलिबागचा वाटा काय केलात?" "भावाला दिला," त्या म्हणाल्या. "कुणी मागितलान नव्हता. मला कुणी विचारलंनपण नाही, तुला हवा का म्हनून." आणि मलिद्याची वाटी माझ्याकडं सरकवली.

ते वाक्य मला अजून आठवतं. वाटा मिळणं वेगळं आणि कुणी विचारणं वेगळं.

परवा मिलिंदचा फोन आला. फोन बांधावर ठेवून त्यानं मला ओढा दाखवला, काढलेलं सोयाबीन दाखवलं, नांगरून पडलेली काळी माती दाखवली. मी म्हटलं, बरं दिसतंय. तो घोटाळला. मग म्हणाला, "बरं दिसतंय काय म्हणतीस, सांग की. रब्बीला तुझ्या रानात काय टाकू? ज्वारी का हरभरा?"

घरात आबांनी कधी आईला हे विचारलं नव्हतं, अक्काला नाही, मला तर नाहीच. आजींच्या औषधाची वेळ झाली होती, तरी मी उभीच राहिले. आबा काय पेरायचे ते आठवू लागले. त्या एसटीच्या खिडकीतून मागं पडलेलं रान पुन्हा समोर आलं, आणि मला वाटलं, मी फाट्यावर उतरेन तेव्हा कुठं जायचं ते मला आता ठाऊक आहे.

"ज्वारी," मी म्हणाले. "कडक भाकरीला बरी पडंल अशी. आणि ओढ्याकडनं दोन ओळी करडईच्या. आबा टाकायचे."

"व्हय, मालकीण," मिलिंद म्हणाला.