तेपाएरूचा टॅब

संध्याकाळी नूरोआपापाच्या घरावरून जाताना आम्ही सगळे आपोआप हळू चालायचो. आमच्याकडे बापालाही पापा म्हणतात आणि वडीलधाऱ्यांनाही. त्याच्या ओसरीला लागूनच तेपाएरूची कबर आहे. वर पत्र्याचं छप्पर, दर नाताळाला नवा चुना. तिचं शिवणयंत्र आणि चष्मा तिथेच ठेवलेले. पापा शेजारी चटई टाकून बसलेला असे आणि कबरीवर ठेवलेल्या टॅबमधून त्याची बायको गात असे.

आमच्या स्तोत्रांत एका बाईने सूर वर उचलायचा आणि पुरुषांनी खालून, छातीतून हुंकार द्यायचे. आमच्या माउके बेटावर तो सूर तेपाएरूचा होता. तिने तोंड उघडलं की पेंगणारे म्हातारेही ताठ बसत. नूरोआचा हुंकार मात्र शेवटी हमखास उशिरा यायचा. त्यावरून तो जन्मभर तिची बोलणी खात आला.

तसा तो कच्चा माणूस नव्हता. तरुणपणी जहाजावरचा माल होडीत भरून प्रवाळाच्या खिंडीतून किनाऱ्याला आणायचा. लाट कधी उचलेल ते त्याला पाठीने कळायचं, असं लोक म्हणत. त्याची मुलगी उपोकोइना मी शिकवायचे त्या वर्गात होती. शाळेत आला की तो दारातच उभा राहायचा.

"बाई, पोर भांडते का?"

"नाही हो."

"मग आईवर गेली नाही," असं म्हणून निघून जायचा. एवढंच त्याचं पालकत्व.

उपोकोइना आता ऑकलंडला असते. शेवटची आली होती त्या नाताळात तिने ओसरीवर आईबापांना गायला बसवलं आणि आईच्या टॅबवर गाणं घेतलं. गाणं संपल्यावर तेपाएरू म्हणते, "नूरोआ, पुन्हा मागे राहिलास." मग ती हसते आणि तिथेच ते संपतं. आमच्याकडचं इंटरनेट रांगत चालतं. मुलीला ते पाठवू पाठवू म्हणता राहून गेलं. आमच्याकडे नाताळ पावसाळ्यात येतो; तो पावसाळा संपायच्या आत तेपाएरू गेली.

पापा तारोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, वाफ्यात कामाला जाताना टॅब कबरीवरच ठेवायचा. "दिवसभर एकटी काय करेल? तिची वस्तू तिच्यापाशी असू दे," म्हणायचा. यात आम्हाला कुणालाच वावगं वाटलं नाही. शिवणयंत्र नव्हतं का तिथे? पण शिवणयंत्राला ऊन बाधत नाही. वरचा पत्रा आणि खालचं सिमेंट, दोन्ही तापून तापून एके दिवशी टॅब पावासारखा फुगला. काच एका बाजूने उचलली गेली आणि तेपाएरू गप्प झाली.

मी डोळे दाखवायला रारोटोंगाला, आमच्या मोठ्या बेटावर, निघाले होते. तिथे पीरी नावाचा एक दुरुस्तीवाला आहे. पापा टॅब उशीच्या अभ्र्यात गुंडाळून विमानतळावर घेऊन आला. तिकिटाच्या खिडकीत अकाइती होती, माझीच जुनी विद्यार्थिनी.

"पापा, हा विमानात चालणार नाही. फुगलेली बॅटरी पेट घेते."

"माझं पोटही फुगलंय. मला तर नेता."

"तुमचं पोट पेट घेत नाही."

"तू माझ्या बायकोचा स्वयंपाक खाल्लेला नाहीस," तो म्हणाला. अकाइती हसली. पापाही हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. त्याने अभ्रा पुन्हा नीट दुमडला.

मग जहाजाची वाट पाहणं आलं. आमच्याकडे जहाज येतं तेव्हा येतं. दरम्यान उपोकोइनाने नवा टॅब पाठवला आणि मला फोन केला.

"बाई, तुम्ही तरी सांगा त्यांना. जुना फेकून द्या म्हणावं. घराला आग लागेल एखाद दिवशी."

"तुझ्या आईचं गाणं आहे त्यात."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण नव्यावर पापाचा चेहरा तरी दिसू दे मला. आई तर गेलीच, आता बापाचाही फक्त आवाजच ऐकायचा का मी?"

नवा टॅब खोक्यासकट फळीवर पडून राहिला. जुना, त्याच अभ्र्यात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. जहाज आलं त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. पापा स्वतः होडीपाशी गेला आणि सुकाणूवरच्या माणसाच्या मांडीवर डबा ठेवून म्हणाला, "ही भिजली तर तूही पोहत ये."

पीरीचा फोन माझ्या मोबाइलवर आला, म्हणून मी तो पापाच्या ओसरीवर घेऊन गेले आणि आवाज मोठा केला.

"पापा, बॅटरी बदलली. काचही बसेल. पण उष्णतेने आतलं बिघडलंय, चालूच होत नाही. एकच उपाय आहे. आतलं सगळं पुसून टाकलं, तर टॅब नव्यासारखा चालेल."

"गाणं?"

"तेही जाईल."

"आणि नाही पुसलं तर?"

"तर मग नुसता पत्रा. गाणं आत आहे, पण निघणार नाही. मी दुसरीकडेही विचारलं, पापा. खोटी आशा देत नाही."

पापा कबरीकडे पाहत राहिला. मी म्हटलं, "दोन दिवस विचार करा हवं तर."

"नको." तो फोनकडे वाकला. "पोरा, पुसू नकोस. आहे तसा पाठव."

"पण तो कधीच चालणार नाही, पापा."

"तीही चालत नाही. म्हणून मी तिला पुसून टाकली का?"

पीरी हळूच म्हणाला, "मग बॅटरी काढून ठेवतो. म्हणजे उन्हात राहिला तरी भीती नाही."

पुढच्या जहाजाने डबा परत आला. पापाने टॅब शिवणयंत्र आणि चष्म्याच्या मधे ठेवला. त्याच दिवशी फळीवरचं खोकं माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "बाई, हे कसं लावतात ते शिकवा. पोरीला माझं थोबाड बघायचंय." आता रविवारी चर्चहून आल्यावर बापलेक बोलतात. ती त्याला दाढी करायला सांगते. गाण्याचा विषय दोघंही काढत नाहीत.

संध्याकाळी आम्ही अजून त्याच्या घरावरून हळूच जातो. तो चटईवर बसून गातो, पण फक्त आपले हुंकार. वरचा सूर जिथे यायचा तेवढी जागा तो मोकळी सोडतो. शेवटचा हुंकार त्याचा तसाच उशिरा येतो. मग तो मान जरा तिच्याकडे वळवून बसून राहतो, बोलणी खाण्याइतका वेळ. आणि चटई गुंडाळून आत जातो.