उस्तानींची पेन्सिल

उस्तानींना गप्प बसता यायचं. खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यात हे जमणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. दिघीजवळच्या आमच्या गावात आधी आयांना आणि मग त्यांच्या लेकींना त्यांनीच कुराण शिकवलं. पाठ म्हणताना एखादी अडली, की बाकीच्या पुढचा शब्द पुरवायला टपलेल्याच असायच्या. याला आमच्याकडे लुकमा देणं म्हणतात. उस्तानी तळहात वर करून आम्हाला थांबवायच्या. "शोधू दे तिला. तिच्याच डोक्यात हाय, तुझ्या खिशात न्हाय." तिचा तिला शब्द सापडला, तर ती चूक धरत नसत. नाहीच सापडला तर स्वतः लुकमा द्यायच्या, आणि ओढणीच्या टोकाला बांधलेली पेन्सिल सोडून आपल्या प्रतीत त्या शब्दापाशी बारीक ठिपका ठेवायच्या.

मी त्यांच्यापुढे पाच वर्षांची असताना बसले आणि पंचविशी ओलांडल्यावर पुन्हा बसले. मधल्या काळात किर्गिझस्तानात डॉक्टरकी शिकून आले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी मान वर करूनच सांगते. पण परदेशातल्या पदवीवर इथे साधी तापाची गोळीही लिहून देता येत नाही. आधी परवान्याची परीक्षा पास व्हावी लागते, आणि तिच्यात मी दोनदा नापास झाले होते. कुवेतला ट्रक चालवणारे अब्बा फोनवर म्हणाले, "आणखी एकदा बस. मग निकाहाचं बघू." म्हणजे या वेळी हुकलं, तर पदवी कपाटात आणि मी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. जेट्टीवर तिकिटं फाडणारे मामू तर मला पाहताच ओरडायचे, "काय डाक्टरीण, दवाखाना कवा उघडतंस? गुडघे वाट बघून म्हातारे झाले माझे!"

एक दिवस उस्तानींनी मला बोलावून घेतलं. "काय काय वाचतंस ते दाखव." मी फोन दाखवला. तीन अॅप, अठरा शिक्षक, टेलिग्रामवरून उतरवलेल्या पीडीएफचा ढीग. शिवाय पहिल्या आलेल्या कुणाकुणाच्या नोट्स.

"यातलं पुरं काय झालं?"

मी फोन उलटा करून चटईवर ठेवला.

"किताबं मोप, पाठ एक न्हाय," त्या म्हणाल्या. "आणि अठरा उस्ताद? मग तू नापास का झालीस, हे विचारायला मी कोणाच्या दारात जाऊ?"

कुराण पाठ करणारी मुलगी सुरुवातीपासून एकाच छापाची प्रत वापरते. शब्द पानावर कुठे आहे, हे डोळा लक्षात ठेवतो. प्रत बदलली की डोळा वाट चुकतो. उस्तानींना वैद्यकशास्त्रातलं आणि इंग्रजीतलं काही येत नव्हतं, पण हे येत होतं. "एक उस्ताद, एक किताब. बाकीचं पुसून टाक." मी पुसलं. दोन पीडीएफ पुसायच्या आधी पुन्हा उघडून पाहिल्या, खोटं कशाला बोलू?

शिक्षक निवडायला आम्ही फोनवर तिघांची फुकटातली लेक्चरं लावली. पहिला इतका विनोदी, की उस्तानीही तोंडाला ओढणी लावून हसल्या. "याला लग्नात बोलवा," म्हणाल्या. दुसरा भराभर बोलणारा. "ह्याची बोट सुटली, आपण जेट्टीवरच." तिसरा सुकलेल्या आवाजाचा. त्याने एक प्रश्न विचारला आणि तो चक्क थांबला. फोनमधून काहीच ऐकू येईना. मला वाटलं नेट गेलं. उस्तानी मात्र ताठ बसल्या.

"हा थांबतो. ह्यालाच घे."

"याचं नाव कोणी घेत नाही, उस्तानी."

"तुला पास व्हायचंय का त्याची वरात काढायचीय?"

त्यानंतर रोज दुपारी असरच्या नमाजानंतर मी त्यांच्यापुढे बसू लागले. आजचा पाठ, कालचा पाठ आणि एक जुना, असे तिन्ही म्हणायचे. त्या शिक्षकाचं ऐकून उतरवलेली माझी वही त्यांच्या मांडीवर असायची. अक्षर कळत नसलं तरी त्यांना माझा आवाज कळायचा. "आवाज पातळ झाला. हे तुला येत न्हाय. बोट ठेव कुठं ते." मी बोट ठेवायचे, त्या ठिपका द्यायच्या. पाठ धड म्हटला की तोच ठिपका थुंकी लावलेल्या खोडरबराने पुसायच्या.

परीक्षेला महिना उरला तेव्हा मी घाबरले. एका मैत्रिणीने सांगितलं, या वर्षी सगळे अमुकच्या नोट्स करतायत. मी त्या मागवल्या आणि तांदळाच्या कणगीमागे लपवून वाचू लागले. आठवड्याने विंचूदंशाचा पाठ आला. औषधाच्या नावाशी मी अडले आणि नजर वर उजवीकडे नेऊन आठवू लागले. उस्तानींनी वही मिटली.

"विंचवाचं चित्र तू डाव्या पानावर खाली काढलंयस. नजर वर कुठं निघाली? दुसरी किताब कुठं हाय?"

मी घरून ती आणून आपटली. "त्यात नवीन माहिती आहे! तुम्हाला काय कळतं यातलं?"

"मना काय बी कळत न्हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुला कळतं ना? मग विंचवाचं औषध का विसरलीस?"

नोट्स त्यांनी स्वतःच्या गादीखाली ठेवल्या. मी डोळे पुसले आणि विंचवापासून पुन्हा सुरू केलं.

मी पास झाले. पेढे घेऊन धावत गेले. उस्तानींनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "वहीत ठिपके किती राहिले?"

"अकरा."

"मग बस."

पास झालेल्या डॉक्टरला त्यांनी त्या दुपारी अकराच्या अकरा जागा म्हणायला लावल्या.

इंटर्नशिपला मी खाडीपलीकडच्या एका रुग्णालयात लागले. काही महिन्यांनी अम्मीचा फोन आला. उस्तानींना पक्षाघाताचा झटका आला होता. शहरातल्या डॉक्टरांनी करायचं ते करून त्यांना घरी पाठवलं होतं. मी आगरदांड्याहून फेरी धरली. मामूंनी या वेळी गुडघ्यांचं नाव काढलं नाही. फक्त म्हणाले, "जा पोरी, लवकर जा."

त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं होतं. लोकांची नावं गेली होती, माझंही गेलं होतं. उशाशी त्यांची जुनी प्रत मिटलेली होती. त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मी कान लावला, तर माझ्या पाचव्या वर्षी त्यांनी मला शिकवलेली कुराणातली छोटी सूरत. मधेच त्या अडल्या. भोवती बसलेल्या बायांनी लुकमा द्यायला तोंडं उघडली. मी तळहात वर केला.

"थांबा. शोधू दे."

शब्द माझ्या जिभेवर होता. तो तिथे धरून ठेवणं मला परीक्षेच्या तिन्ही वेळांपेक्षा जड गेलं. उस्तानींची नजर छतावरून हलली. हळूहळू डावीकडे सरकली आणि खाली आली. त्यांच्या प्रतीत तो शब्द डाव्या पानावर खालीच आहे. मला ठाऊक होतं, कारण त्याच्यापाशी माझ्या लहानपणचा एक पुसलेला ठिपका आहे.

ओठ हलले. शब्द आला, वाकडा, पण पुरा. मग पुढची ओळ, आणि शेवटची.

चार दिवसांनी त्या गेल्या. त्यांच्या सुनेने ओढणीच्या टोकाची पेन्सिल सोडून मला दिली. त्यांच्या प्रतीतलं ते पान मी उघडून पाहिलं आणि तसंच मिटलं. शब्द त्यांचा त्यांनी शोधला होता. तिथे ठिपका द्यायचं कारण नव्हतं.