दोन सह्यांचा कागद

हवाई दलातून माझा डावा कान निवृत्त झाला, म्हणून मलाही व्हावं लागलं. मेडिकल बोर्डाने उड्डाण बंद म्हणून सांगितलं. वीस वर्षं मालवाहू विमानं उडवलेल्या माणसापुढे त्या वेळच्या बंगलोरमध्ये दोन वाटा होत्या. पहिली, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात सिक्युरिटी ऑफिसर. ही जागा मेव्हण्याने मला न विचारताच बोलून ठेवली होती. दुसरी, नव्याने निघालेल्या एका खाजगी विमान कंपनीत डिस्पॅचर. म्हणजे जमिनीवर बसून हवामान, वजन, इंधन यांचा मेळ घालायचा आणि विमान सोडायचं की नाही ते ठरवायचं. त्यासाठी सरकारी परीक्षा होती, लेखी आणि तोंडी.

बनशंकरीला सासुरवाडीत बातमी पोचली, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "डिस्पॅच म्हणजे टपालाचं काम का?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "सरी, असू दे. टपाल असतं तर पेन्शन तरी होती." मला पेन्शन आहे हे त्या नेहमीच विसरायच्या.

वर्गात बाकी सगळे बावीस-तेवीसचे. मी वजनाच्या तक्त्यात चुकलो की मागच्या बाकावरून अत्यंत आदराने आवाज यायचा, "सर, स्वल्प मिस्टेक." तरी लेखी मी एका फटक्यात काढली आणि चार दिवस आमच्या येलहंक्यात मान वर करून हिंडलो.

एक नियम मात्र मला हास्यास्पद वाटायचा. उड्डाणाच्या कागदावर दोन सह्या लागायच्या, कॅप्टनची आणि डिस्पॅचरची. दोन्ही झाल्याशिवाय विमान जागचं हलायचं नाही. उडवणार एक आणि परवानगी टेबलावरच्या कारकुनाची! मी वैमानिक असताना हवामानवाला काळजीचा चेहरा करून यायचा, तेव्हा मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचो, "असले ढग मी खिशात घेऊन फिरतो." मग तोही हसायचा. वरिष्ठांच्या विनोदाला हसावंच लागतं.

तोंडी परीक्षेला समोर एक चष्मेवाले काटकुळे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "बंगलोरला धुकं. पर्यायी विमानतळ मद्रास, तिथे वादळ. इंधन जेमतेम. कॅप्टन म्हणतोय, निघतो. तुम्ही काय कराल?"

"कॅप्टन अनुभवी असेल तर त्याच्या शब्दापलीकडे मी जाणार नाही," मी छाती काढून सांगितलं.

"मग तुम्हाला तिथे बसवायचं कशाला?" ते म्हणाले आणि फाइल मिटली. मी नापास झालो.

कंपनीने आणखी एकच संधी दिली. ती हुकली की बोम्मसंद्र्याचं फाटक. मेव्हणा मुद्दाम घरी येऊन म्हणाला, "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, भावोजी. गणवेशाचं माप देऊन ठेवा." मला त्याचा संताप आला आणि भीतीही वाटली. लोकांच्या गाड्यांचे नंबर लिहीत म्हातारा होण्याची भीती.

शेवटी बायकोने प्रश्नांची वही हातात घेतली. ती शाळेत गणित शिकवायची. संध्याकाळी अवरेकाळूच्या शेंगा सोलता सोलता ती कॅप्टन व्हायची आणि मी डिस्पॅचर.

"सही करा, उशीर होतोय."

"मद्रासला वादळ आहे."

"असले ढग मी खिशात घेऊन फिरतो," ती म्हणाली. शब्द माझे, घरून निघताना तिलाही ऐकवलेले; सूर माझा, खांदा उडवणंही माझंच. "उगाच काळजी करत बसू नका. उशीर झाला तर जेवून घ्या."

मला हसू आलं. हसत हसत मी सही केली.

"नापास," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

तीन संध्याकाळी असंच झालं. चौथ्या दिवशी मात्र तो कॅप्टन माझ्या डोक्यात गेला. काय ती गुर्मी! समोरचा काय सांगतोय ते ऐकायचंच नाही. असल्या माणसाला मी माझी स्कूटरसुद्धा दिली नसती. मी पेन आपटलं आणि ओरडलो, "नाही करणार सही! जा, कुणाकडे तक्रार करायची ती कर!"

ती सोललेले दाणे घेऊन आत गेली.

दुसऱ्या तोंडी परीक्षेला तेच गृहस्थ होते आणि प्रश्नही तोच. पाच मिनिटांत मी पास झालो.

घरी आलो तर ती दारातच उभी होती. "काय सांगितलंत?"

"ठणकावून सांगितलं! कॅप्टन कितीही मोठा असो, दुसरी सही झाल्याशिवाय विमान हलणार नाही."

मला वाटलं, आता पेढे येतील. ती चौकटीला टेकली.

"सतरा वर्षं, प्रत्येक पोस्टिंगच्या घरी, मी अशीच दारात उभी राहून तुम्हाला सोडलं," ती म्हणाली. "माझी सही कुणी मागितली होती?"

ऐकू आलं नाही असं मी दाखवलं असतं, पण ती उजव्या कानाच्या बाजूला उभी होती.